या रविवारी येऊ नका

ज्ञानदाला लहानपणी कांजिण्या झाल्या होत्या का, हे मला माहीत नव्हतं. प्रश्न साधा होता आणि विचारणारी माझीच जुनी विद्यार्थिनी होती. तीन दिवस डाव्या कुशीत दुखत होतं ते मी उसण भरली म्हणून अंगावर काढलं, तेल चोळलं, गरम पाण्याची पिशवी घेतली, आणि मंगळवारी सकाळी आंघोळ करताना बरगडीवर साबण अडखळला. आरशात पाहिलं तर पाठीच्या कण्यापासून निघून काखेखालून छातीकडे आलेला लाल पट्टा, आणि त्यावर मोहरीएवढे पाणीदार फोड, दाटीवाटीनं. अठ्ठावीस वर्षं जीवशास्त्र शिकवलेल्या माणसाला त्याचं नाव दुसऱ्या कुणी सांगायची गरज नव्हती. तरी साताऱ्यातच, पोवई नाक्याजवळ, डॉक्टर उत्कर्षाकडे गेलो, कारण एकट्या माणसाला आपला आजार कुणाच्या तरी तोंडून ऐकायचा असतो. ती सांगलीला माझ्या वर्गात होती, पहिल्या बाकावर, प्रश्न विचारून विचारून डोकं खाणारी. "सर, नागीण आहे," ती म्हणाली. दिवसातून पाच वेळा घ्यायच्या गोळ्या लिहून दिल्या आणि लिहिता लिहिताच विचारलं, "घरात लहान बाळ, गरोदर बाई वगैरे कुणी नाही ना?" मी जरा ऐटीतच सांगितलं, "मुलगी येतेय शुक्रवारी. तीन आठवडे राहणार आहे. सातवा महिना चाललाय." तेव्हा पेन खाली ठेवून तिनं तो प्रश्न विचारला. मी तिच्या टेबलावरच्या कॅलेंडरकडे बघत राहिलो. "झाल्या असतील तर काही काळजी नाही, सर. पट्टा कपड्याखाली झाकलेला असला की झालं. पण झाल्या नसतील, तर फोडांवर खपली धरेपर्यंत तिनं तुमच्या घरात पाऊल ठेवायचं नाही. तुमच्या फोडातून तिला कांजिण्या होतील, आणि ते आता तिला आणि बाळाला, दोघांनाही जड जाईल. तुम्हाला मी काय शिकवणार? फोन करून विचारा ना, एका मिनिटाचं काम." मी म्हणालो, "विचारतो की."

घरी आलो, पंखा लावला, फोन हातात घेतला आणि पुन्हा टेबलावर ठेवला. एका मिनिटाचं काम होतं खरं. पण सहा वर्षांपूर्वी, माझ्या बायकोच्या, शरयूच्या तेराव्याला, पाहुणे गेल्यावर याच खोलीत भांडी आवरता आवरता ज्ञानदा मला म्हणाली होती, "बाबा, तुम्हाला माझ्याबद्दल नक्की काय माहीत आहे हो?" मी काहीतरी बोलायला गेलो, तर तिनं हात वर केला. "असू दे. आता सांगून तरी काय उपयोग." तेवढंच. आमच्याकडे भांडणं एवढ्यातच उरकतात, आवाज चढत नाही, ताटं आपटत नाहीत. त्यानंतर ती पुण्याला गेली आणि महिन्यातून एकदा दोन मिनिटांचा फोन करत राहिली. "कसे आहात?" "काही नाही, ठीक आहे." "काही नाही" हे आमच्या घरातलं सगळ्यात जास्त वापरलं गेलेलं वाक्य. शरयू शेवटच्या महिन्यात भिंतीकडे तोंड करून ओठ चावत पडलेली असायची आणि काय होतंय विचारलं की म्हणायची, काही नाही. मग गेल्या महिन्यात ज्ञानदाचा फोन आला. छत्तिसाव्या वर्षी, डॉक्टरांचे उंबरे झिजवून झाल्यावर दिवस गेलेली माझी मुलगी जरा थांबत थांबत म्हणाली, "बाबा, मी तिकडे येऊ का राहायला थोडे दिवस? आईच्या घरी?" ती 'आईच्या घरी' म्हणाली, ते मला ऐकू आलं. तरी मी दुसऱ्याच दिवशी गिझर बदलला, न्हाणीघरात धरायला दांडा बसवून घेतला, गवळ्याला एक लिटर जास्त सांगितलं आणि खिडकीजवळ नवा पलंग टाकला. आणि आता तिला फोन करून विचारायचं, की बाई गं, तुला लहानपणी काय काय झालं होतं, मला ठाऊक नाही, तूच सांग. तेराव्याच्या दिवशीच्या तिच्या प्रश्नाचं उत्तर मीच तिच्या हातात द्यायचं.

खोटं कशाला बोलू, दुपारपर्यंत मनात दुसराही विचार येऊन गेला. सैल सदरा घालायचा, आत पट्टी बांधायची आणि काही बोलायचंच नाही. शंभरातल्या नव्वद मुलांना त्या काळी कांजिण्या होतच. तिलाही झाल्या असणार. वर्गात कुणी असं उत्तर दिलं असतं तर मी त्याला बाकावर उभं केलं असतं. पण मला ती यायला हवी होती. सहा वर्षं या घरात फक्त माझ्या चपलांचा आवाज होता, आणि उरलेल्या दहा मुलांत माझी मुलगी असू शकते हे कळत असूनही मी अर्धा तास तो सदरा शोधत होतो. सापडला, इस्त्री केली, आणि मग स्वतःचीच एवढी लाज वाटली की तो पुन्हा घडी करून कपाटात ठेवला.

विषाणू शिकवताना मी पोस्टकार्डापासून सुरुवात करायचो. पूर्वी घरोघर एक कार्ड यायचं. खाली नाव नाही, गाव नाही. अमुक देवीची कृपा आहे, हे पत्र मिळताच अशीच एकवीस पत्रं लिहून ओळखीच्यांना पाठवा, पाठवलीत तर भरभराट, फाडलंत तर नुकसान. मी तसलं एक खरं कार्ड वर्गात फिरवायचो आणि विचारायचो, हे कार्ड जिवंत आहे का? पोरं हसायची. त्याला हात नाहीत, त्याच्याकडे शाई नाही, भूक नाही, झोप नाही. पण ते एखाद्या भित्र्या घरात शिरलं की त्या घराचीच शाई, त्याच माणसाचा हात आणि त्याचीच भीती वापरून एकाचे एकवीस होतं, आणि ते एकवीस पुन्हा बाहेर पडतात. विषाणू म्हणजे एवढंच. आत एक लांब दोरी, तिच्यावर मजकूर, मजकूर एकच की माझ्यासारखे आणखी कर. भोवती प्रथिनांची पेटी, वीस त्रिकोणी बाजूंची, बारा कोपऱ्यांची. ती आम्ही लग्नपत्रिकांच्या पुठ्ठ्यातून करायचो आणि प्रयोगशाळेत दोऱ्यानं टांगायचो. कांजिण्यांच्या विषाणूला त्यावर आणखी एक पातळ आवरण, तेही स्वतःचं नाही. ज्या पेशीत तो तयार होतो तिच्याच पडद्याचा तुकडा अंगावर ओढून बाहेर पडतो. दुपारच्या तासाला पेंगणारी पोरंसुद्धा एका गोष्टीला जागी व्हायची. पेशीत शिरला की विषाणू नाहीसा होतो. आवरण दाराशीच राहतं, पेटी रिकामी होऊन पडते, आणि पुढचे काही तास कितीही शोधा, आत सबंध विषाणू म्हणून काही सापडतच नाही. त्याला ग्रहणकाळ म्हणतात. मोडल्याशिवाय त्याला वाढता येत नाही, असं मी फळ्यावर लिहायचो आणि स्वतःवरच खूश व्हायचो.

कांजिण्यांचा तर याच्याही पुढचा. ताप उतरतो, खपल्या पडतात, आपण सुटलो म्हणून देवाला नारळ फोडतो. पण त्यातले काही कातडीतून मज्जातंतूच्या धाग्यावर चढतात आणि उलटे आत चालत जातात, थेट कण्याशेजारच्या गाठींपर्यंत. तिथं एखाद्या पेशीच्या केंद्रकात दोरीचं वेटोळं करून बसतात. पेटी नाही, आवरण नाही, नकला नाहीत. कार्ड येऊन पडलंय, पण लिहायला कुणी घेतलेलं नाही. वीस वर्षं, चाळीस वर्षं. मग म्हातारपणी शरीराची राखण ढिली पडते आणि ते उठून, आले होते त्याच धाग्यावरून, परत कातडीकडे निघतात. म्हणून पट्टा एकाच बाजूला, एकाच नसेच्या वाटेनं. मंगळवारी दुपारी मी खुर्चीत उजव्या कुशीवर कलंडून हा धडा स्वतःलाच शिकवत बसलो होतो, कारण दुखणं असं होतं की शर्टाचा कापूससुद्धा सहन होत नव्हता आणि डोकं दुसऱ्या कशात घालायला हवं होतं. आणि शिकवता शिकवता प्रश्न आला की माझ्यातला हा आला कुठून? लहानपणी मला कांजिण्या झालेल्या नव्हत्या. माझी आई ते सगळ्यांना सांगायची, आमच्या अनंताला देवीनं शिवलंसुद्धा नाही म्हणून. मला त्या झाल्या चौतिसाव्या वर्षी, सांगलीत, एकट्याला.

तेव्हा नोकरीला चार वर्षं झाली होती. शरयू साताऱ्याला शाळेत शिक्षिका, मी सांगलीला कॉलेजात. दोघांच्याही नोकऱ्या पक्क्या, सोडायची कुणी हा विषय दोनदा निघाला आणि दोन्ही वेळा "बघू" वर संपला. शनिवारी शेवटचा तास संपला की मी एसटी पकडायचो, कराड आलं की पिशवी मांडीवर घ्यायचो, साताऱ्याच्या स्टँडवर उतरून घरापर्यंत जवळजवळ पळत जायचो. रविवारी संध्याकाळी परत. पाच वर्षांची ज्ञानदा आल्या आल्या पाठीवर चढायची आणि जाईपर्यंत उतरायची नाही. असं चाललं होतं, बरं चाललं होतं, आणि चौऱ्याण्णव सालच्या फेब्रुवारीत एका गुरुवारी मला शरयूचं कार्ड आलं. "या रविवारी येऊ नका. वाईहून मावशींकडची मंडळी यायची आहेत, झोपायला जागा होणार नाही. बाकी सर्व ठीक." तिच्या शाळामास्तरणीच्या वळणदार अक्षरात, अनुस्वारसुद्धा चुकलेला नाही. मी ते कार्ड दहा वेळा वाचलं. माझ्या घरात, माझ्यासाठी, झोपायला जागा नाही. त्या शनिवारी मी भडंगाची पुडी घेऊन आयर्विन पुलावर उभा राहिलो आणि खाली कृष्णेकडे बघत ती सगळी संपवली. आजवर कुणाला बोललो नाही, पण त्या कार्डानं मी माझ्याच घरात पाहुणा झालो. त्यानंतर गेलो की चप्पल नीट एका बाजूला काढायचो, विचारून चहा घ्यायचो. शरयूला ते दिसत असणार. तिनं कधी काही म्हटलं नाही.

पुढच्या आठवड्यात मला ताप भरला आणि अंगभर फोड उठले. हळदीच्या पेठेजवळ माझी खोली होती. हंगामाचे दिवस, वाऱ्याबरोबर नवीन हळदीचा उग्र वास आत यायचा आणि मला वाटायचं, तो फोडांतूनच येतोय. घरमालकीणबाई सकाळ-संध्याकाळ भाताचं पातेलं उंबऱ्याबाहेर ठेवून कडी वाजवायच्या आणि मी दार उघडेपर्यंत जिना उतरून गेलेल्या असायच्या. दोन आठवडे माणसाचा चेहरा पाहिला नाही. शरयूला मी कार्ड टाकलं, तापातच, पण नीट अक्षरात: "प्रॅक्टिकल परीक्षा लागल्या आहेत, दोन रविवार जमणार नाही. प्रकृती ठीक." खरं लिहिलं असतं तर ती पोरीला घेऊन धावत आली असती आणि पोरीला लागण झाली असती. असा मी शहाणा. कांजिण्या हॉस्टेलच्या पोरांकडून आल्या असणार म्हणून पोरांना मनातल्या मनात शिव्या घातल्या. महिन्यानं सातारला गेलो तेव्हा अंगावर डाग होते. घामोळं उठलं होतं, असं मी सांगून टाकलं. रात्री सदरा काढला तर शरयूनं पाठीवरच्या एका डागावर बोट ठेवलं, मग दुसऱ्यावर, आणि काही न विचारता उठून स्वयंपाकघरात गेली. बराच वेळ आली नाही. तिला किळस आली, असं मी समजलो. पुढं पंचवीस वर्षं संसार केला, पण ते बोट आणि ते उठून जाणं मी विसरलो नाही.

बुधवारी सकाळी मी शरयूची ट्रंक उघडली. तिनं सगळं जपून ठेवलेलं: पगाराच्या पावत्या, ज्ञानदाच्या प्रगतिपुस्तकांचे गठ्ठे, लसीकरणाचं पिवळं पडलेलं कार्ड. पोलिओ, त्रिगुणी, गोवर, सगळ्यांच्या तारखा शरयूच्या अक्षरात. कांजिण्यांची लस तेव्हा आपल्याकडे कुणी देत नव्हतं. 'झालेले आजार' असा एक रकाना होता, तो कोरा होता. शरयूनं रकाना कोरा सोडला याचाच मला धक्का बसला, ती हजेरीपटावरसुद्धा रेघ मारल्याशिवाय उठत नसे. ट्रंकेसमोर जमिनीवर बसल्या बसल्या लीलाबाई आठवल्या. ज्ञानदा तीन महिन्यांची असल्यापासून सातवीत जाईपर्यंत तिला सांभाळलं ते लीलाबाईंनी. माण तालुक्यातल्या, दहिवडीकडच्या, नवरा मुंबईला, म्हणून पोरांना घेऊन साताऱ्यात आल्या आणि इथंच राहिल्या. आता पंच्याहत्तरीच्या पुढं असतील. मी रिक्षा केली आणि त्यांच्या घरी, करंजेला गेलो. खड्ड्याखड्ड्याला कूस पेटत होती.

लीलाबाई दारात उन्हाला बसून घेवडा निवडत होत्या. मी उंबऱ्याबाहेरच उभा राहिलो. "आवं सर! आसं परक्यावानी भायेर का? या की आत," त्या म्हणाल्या. नागीण झालीय म्हटल्यावर त्यांनी सूप बाजूला ठेवलं. "कुठं? कुशीत? पुढनं आली का मागनं?" मी सांगितलं. "गेरू लावा आवं. तोंड आन शेपूट जुळू दिऊ नका, जुळलं की मानूस हाताला लागत न्हाई." मी म्हणालो, ते जुळत नसतं लीलाबाई, नसेची हद्द छातीच्या मध्याशी संपते. त्यांनी माझ्याकडे कीव केल्यासारखं पाहिलं. "बरं, न्हाई जुळत. तरी लावा गेरू." मग मी विचारायला आलो होतो ते विचारलं. लीलाबाईंचे हात थांबले. "बाईंनी सांगितलं न्हाई व्हय तुमाला? कवाच न्हाई?"

"काय सांगितलं नाही?"

"पोरीला कांजन्या झाल्याल्या की! लय फोड. सोमवारी सकाळी उठून बगतो तर पोटावर, पाठीवर. तुमी रविवारी सांजच्या यष्टीनं गेलासा आन सोमवारी फोड. रविवारीच पोरगी तापल्याली हुती, तुमी पाठीवर घिऊन गच्चीवर फिरत हुतासा तिला. म्या बाईंस्नी म्हनलं, पोरीचं आंग कडकडीत लागतंय. तर म्हनल्या, बाप आलाय, नाचतीया, म्हनून. दाराला मीच कडू लिंबाचा टाळा बांधला. फोडणी बंद, आलंगेलं बंद. आन बाईंनी कार्ड लिवलं, ते पेटीत टाकाया मीच गेलते."

मी विचारलं, वाईची मंडळी आली होती का तेव्हा. माझा आवाज मलाच लहान वाटला.

"कसली मंडळी? देवी घरात आसताना कोन येतंय? बाई म्हनल्या, सरांना ल्हानपनी झाल्या न्हाईत, त्येंची आई सांगती. मोठ्या मानसाला लय जड जातं, मानूस दगावतंसुदा. त्येंना खरं कळवलं तर तंगड्या तोडत येतील, पोरीपासनं लांब राहनार न्हाईत. म्हनून खोटं लिवलं. पोरगी आपली खिडकीत बसून. टाळ्याच्या पाल्यातनं रस्त्याकडं बगायची. बाबा कवा येनार, बाबा कवा येनार. खाजवून खाजवून भिवईवरची खपली काढली तिनं, रगात आलं. त्यो खड्डा हाय की आजून तिच्या भिवईवर."

तो खड्डा मला ठाऊक होता. डाव्या भिवईच्या टोकाला, तांदळाच्या दाण्याएवढा. महिन्यानं घरी गेलो तेव्हा गुलाबी होता. विचारलं तर शरयू म्हणाली होती, झोपाळ्यावरून पडली, काही नाही.

लीलाबाईंनी आग्रहानं गेरूची पुडी दिली. रिक्षा न करता मी चालत निघालो, कारण दिवस मोजायचे होते आणि ते चालतानाच जमतं. रविवारी मी तिला पाठीवर घेतलं. सोमवारी तिला फोड आले, म्हणजे रविवारी तिचा प्रत्येक श्वास विषाणूंनी भरलेला होता, आणि तिचं तोंड माझ्या मानेशी होतं. पुढच्या शनिवारी मी आयर्विन पुलावर उभा होतो. त्याच्या पुढच्या रविवारी, बरोब्बर चौदाव्या दिवशी, मला फोड आले. हॉस्टेलच्या पोरांना मी उगीचच शिव्या घातल्या होत्या. शरयूनं मला वाचवायला कार्ड लिहिलं तेव्हा मी आधीच तो मजकूर घेऊन एसटीत बसून सांगलीला पोचलो होतो. आणि मी त्यांना वाचवायला कार्ड लिहिलं तेव्हा तिथं सगळं होऊन गेलेलं होतं. दोन शहाणी माणसं, एकच आजार, मध्ये सव्वाशे किलोमीटर, आणि दोघांच्याही कार्डावर "ठीक". मग महिन्यानं तिनं माझ्या पाठीवरच्या डागावर बोट ठेवलं तेव्हा तिला सगळं कळलं असणार. दुसऱ्या डागावर ठेवलं तेव्हा खात्री पटली असणार. ती स्वयंपाकघरात रडायला गेली होती, आणि मी अंथरुणात पडून, बायकोला माझी किळस येते, असं ठरवत होतो. कार्डावरचं खोटं माझ्या नजरेला पडू नये, म्हणूनच तो रकाना कोरा होता. मी तेव्हा उठून आत गेलो असतो तर? चार पावलांवर स्वयंपाकघर होतं. पेशीत बसलेला विषाणू निदान पंचवीस-तीस वर्षांनी उठतो तरी. मी नाही उठलो. हे सांगायला आता शरयू नाही, आणि करंज्याच्या भर रस्त्यात मला तिची इतकी आठवण आली की एका किराणा दुकानाच्या पायरीवर बसावं लागलं. दुकानदारानं पाणी दिलं आणि काय होतंय विचारलं. मी म्हणालो, काही नाही.

तिथं बसल्या बसल्या आणखी एक गोष्ट लक्षात आली, आणि विज्ञानाच्या दृष्टीनं तिला काडीचा अर्थ नाही. पाठीवर बसली की ज्ञानदा दोन्ही पायांचा विळखा माझ्या बरगड्यांना घालायची. डाव्या पायाची टाच बरोबर आज पट्टा आहे तिथं टोचायची, जोरात चला म्हणून. विषाणू कुठल्या गाठीत जाऊन बसेल याचा आणि त्या टाचेचा काही संबंध नाही. तो रक्तातून सगळीकडे जातो, हे मी शेकडो पोरांना शिकवलंय. पण तो तिचा होता, यात मात्र काही शंका नाही. तिच्या अंगात तयार झालेला, तिच्याच पेशीचं आवरण पांघरून निघालेला, माझ्यात येऊन मोडलेला, आणि त्याच्या नातवंड-पतवंडांपैकी कुणीतरी एकतीस वर्षं माझ्या कण्याशेजारी गप्प बसून राहिलेलं. बाप मुलांना देतो, एवढंच आजवर शिकवत आलो. मुलीनं मला काही दिलं होतं आणि मी ते घेऊन एकटा राहत होतो, हे मला पासष्टाव्या वर्षी समजलं.

घरी पोचल्यावर चप्पलसुद्धा न काढता फोन लावला. "बाबा? बरं आहे ना सगळं?" ती म्हणाली, कारण मी आपणहून कधी फोन करत नाही. नेहमीचं उत्तर अगदी ओठावर आलं होतं. "नाही," मी म्हणालो, "मला नागीण झालीय."

ती शिकलेली मुलगी आहे, तिला पुढचं लगेच कळलं. "म्हणजे मी येऊ नको का?" आवाज शांत होता, तेराव्याच्या दिवशी होता तसाच.

"ये तू. तुला कांजिण्या होऊन गेल्यात. चौऱ्याण्णवचा फेब्रुवारी. डाव्या भिवईवरचा खड्डा त्याचाच आहे."

"तुम्हाला कसं माहीत?" ती म्हणाली. "तुम्ही नव्हता."

"नव्हतो."

"तीन रविवार, बाबा. मी खिडकीत बसायचे. आई म्हणायची, बाबांना परीक्षा आहेत. आजारी पडले की तुम्ही येत नाही, असंच मला वाटत राहिलं. आई गेली तेव्हाही तेच मनात होतं. वेड्यासारखं आहे, पण होतं."

मग मी सांगितलं. लीलाबाईंचं सांगणं, शरयूचं कार्ड, झोपायला जागा नाही ते, पूल, हळदीचा वास, उंबऱ्याबाहेरचं पातेलं, माझं कार्ड, पाठीवरचं बोट. शिकवायची सवय, त्यामुळे क्रमवार सांगितलं, पण मध्ये दोनदा थांबावं लागलं. "तुझ्याच मला झाल्या होत्या," शेवटी म्हणालो. "त्या रविवारी गच्चीवर."

ती म्हणाली, "मग आत्ता तुमच्या कुशीत आहे ते..."

"ते तुझंच."

ती हसली की रडली, फोनवर कळलं नाही. मग नाक ओढून, अगदी शरयूच्या स्वरात म्हणाली, "तरी मी रक्त तपासून घेते. लीलाबाईंच्या शब्दावर बाळाला नाही आणणार." मी म्हणालो, "घे, घ्यायलाच हवं," आणि मला इतका आनंद झाला की कुशीतली कळ दोन मिनिटं मागं पडली. गुरुवारी संध्याकाळी रिपोर्टचा फोटो आला. प्रतिपिंडांचा आकडा भरपूर होता. खाली लिहिलं होतं, "निमिष सोडायला येतोय. अकरापर्यंत पोचू."

शुक्रवारी मी सैल सदरा घातला, आत स्वच्छ पट्टी बांधली आणि नऊ वाजल्यापासून खिडकीत बसलो. तीच खिडकी. गज बदललेत, रंग बदललाय, पण पाच वर्षांच्या मुलीला रस्ता दिसायला स्टूल लागत असणार एवढी उंच. अकरा वाजले, सव्वाअकरा झाले. प्रत्येक गाडीला मी उठत होतो आणि प्रत्येक वेळी बरगडीत सुई शिरत होती. तीन रविवार म्हणजे किती गाड्या, याचा हिशोब मला नको होता, तरी तो मनात होत राहिला. साडेअकराला गाडी थांबली. एक हात पोटाखाली धरून ज्ञानदा उतरली, वर पाहिलं, आणि मी खिडकीत दिसलो तशी रस्त्यावरच उभी राहिली. माझा जावई निमिष बॅगा काढत होता. मी जिना उतरून दारात जाईपर्यंत ती पायरीशी आली होती. थकलेली, चेहरा सुजलेला, भिवईच्या टोकाला तांदळाच्या दाण्याएवढा खड्डा. मी नकळत अंग चोरून एका बाजूला झालो. तिनं माझ्या सदऱ्याच्या डाव्या बाजूकडे पाहिलं, हात लावला नाही.

"दुखतंय का बाबा?"

"हो," मी म्हणालो. "खूप दुखतंय."